दार लावून दिलेली धुरी

(एल आल्तो, डोंगरमाथ्यावरचं विरळ हवेचं शहर. दवाखान्याबाहेरच्या बाकावर एउलालिया आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी ग्लादिस.)

एउलालिया : सत्तर वर्षांच्या बाईची फुप्फुसं म्हणे! तू त्या नळीत नीट फुंकलंच नसशील.

ग्लादिस : तीनदा फुंकलं, आई. तिन्ही वेळा तेच.

एउलालिया : मग दर रविवारी ताफ्यात सिकू वाजवतेस ते कसं?

ग्लादिस : बांबूच्या नळ्या अर्ध्या माझ्याकडे, अर्ध्या रेनेकडे. तो फुंकतो तेवढ्यात मी श्वास गोळा करते. हल्ली तोही पुरत नाही. नुसती ओठांना लावून उभी असते, बाकीच्यांच्या आवाजात खपून जातं.

एउलालिया : अगं बाई! आणि रेने?

ग्लादिस : त्याला कळतं. बोलत नाही बिचारा. आता त्याला सांगून टाकते, दुसरी जोडीदारीण बघ.

एउलालिया : दोन वर्षांची होतीस तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वजन भरलं, आता काळजी नको.

ग्लादिस : वजनच भरलं गं. साडेसहा महिन्यांत जन्मले, फुप्फुसं मागेच राहिली. आता वाढायचं वय गेलं. इथून पुढे उतरतीच.

एउलालिया : आपण खाली कोचाबांबाला मावशीकडे राहू. तिथे हवा दाट आहे.

ग्लादिस : जाऊ की. पण फुप्फुसं हीच घेऊन ना?

एउलालिया : असं तोडून बोलू नकोस गं.

ग्लादिस : डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी घरात धूर असायचा का. तू पटकन नाही म्हणालीस.

एउलालिया : मग? पहिल्यापासून गॅस आहे आपल्याकडे.

ग्लादिस : आणि मंगळवार-शुक्रवारची कोआच्या पाल्याची धुरी?

एउलालिया : ती काय धुरात मोजायची? तुला काचेच्या पेटीतून घरी आणलं, तेव्हा तुझी आजी म्हणाली, एवढ्याशा पोरीचा आत्मा अंगात मुरलेला नसतो, धुरी दे.

ग्लादिस : दार लावून.

एउलालिया : लावून, फटींत चिंध्या कोंबून. नाहीतर आत्मा निसटतो. तू खोकायचीस आणि मला बरं वाटायचं, की वाईट बाहेर पडतंय.

ग्लादिस : तो खोकला धुराचा होता, आई.

एउलालिया : मीच केलं का गं हे?

ग्लादिस : सगळं नाही.

एउलालिया : सगळं नाही म्हणजे?

ग्लादिस : राहू दे. पिशवीत काय आहे?

एउलालिया : धुरीत जाळायला लामाची चरबी, साखरेच्या वड्या. आज मंगळवार ना. तुझ्या छातीसाठीच घेतलं. फेकून देते.

ग्लादिस : नको, तुला चैन पडणार नाही. दे धुरी. फक्त दार उघडं ठेव.

एउलालिया : आणि तुझा आत्मा निघून गेला तर?

ग्लादिस : मला एक जिना चढवत नाही, आई. मी कुठे पळून जाणार?