एक 'तो' राहिला

शुद्धलेखनाचं आधीच माफ करा, नववीत शाळा सोडली, शब्दही साधेच येतात मला, आणि हे सगळं झालं तेच मुळी शुद्धलेखनामुळे... तुम्हाला सांगतो, एक 'तो' राहिला हो माझा, बाकी काही नाही.

बोईसरला आमच्या कपडा रंगवायच्या कारखान्यात निम्मी शिफ्ट तापाने आडवी. माझी बहीण स्नेहल पालघरला बी.एस्सी. करते, तिला विचारलं, हा व्हायरस आत जाऊन करतो तरी काय? म्हणाली, "दादा, पेशी म्हणजे तुझा कारखाना समज. ऑफिसातून चिठ्ठी येते, मशीन ती वाचतं आणि तसं प्रोटीन बनवतं. काही व्हायरस आत शिरले की पेशीच्या चिठ्ठ्या फाडतात आणि मशीनला स्वतःच्या लावतात. मशीन तेच, माल त्यांचा." मी म्हटलं, आणि कोणी ओरडत नाही? "शेजारच्या पेशींना सावध करायचा निरोपही प्रोटीनच असतो दादा, तोच बनत नाही."

काय पटलं मला... आमच्याकडेही जॉब कार्ड बदललं की निळ्याच्या जागी लाल निघतं, मशीन विचारतं का? शिफ्टच्या ग्रुपवर मी कधी बोललो नव्हतो, लाजतो मी, पण वाटलं, आपल्यालाही काही कळतं हे दिसू दे. लिहिलं, 'व्हायरस घुसला की प्रोटीन बंद करतो.' म्हणजे लिहायचं होतं. गेलं काय? 'प्रोटीन बंद करा.' 'र'वर काना चढला, 'तो' राहिला. आणि खाली मीच लिहिलेलं, माझी बहीण बी.एस्सी.ला आहे.

आता आमच्या गेटवर प्रोटीन म्हणजे कोण? मंजुळा मावशी. बेटेगावहून उकडलेली अंडी घेऊन येते. त्या दुपारी एकही माणूस फिरकला नाही. नीलेश रोज चार खातो, तो लांबूनच, "नको मावशी, अंड्यात प्रोटीन असतं, ग्रुपवर आलंय." सुपरवायजर म्हणतो, "बीएस्सीवाली ने बोला है भाई." आणि मावशी माझ्याकडे बघून, "मनीष, तू तरी घे रे. ताजी हायत. काय झालंय ते माला कोन सांगत पन नाय."

"पोट भरलंय," म्हणालो आणि आत गेलो. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती परत गेली... एक 'तो' राहिला म्हणून.

घरी स्नेहल हसली नाही. "चिठ्ठीच बदललीस की दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या आधी गेटवर गेलो. माफी कागदावर लिहून नेलेली, वाचवेना, म्हणून मावशीच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, तिने दिली नीलेशला. त्याने सगळ्यांपुढे मोठ्याने वाचली, "'मेसेज माझा चुकला, अंडी सगळ्यांनी खावी. मावशी, मला माफ करतो.'"

मावशी म्हणाली, "तुजा तूच करतोस? बरं झालं, माजं काम वाचलं. ये, बस."

कालचा राहिलेला 'तो' तिथे येऊन बसला होता हो. मान खाली घातली आणि सहा अंडी खाल्ली.