सरपंचांचा नंबर

सहकारी बँकेत ग्रामपंचायतींसाठी नवी खिडकी उघडली होती. मी शेजारच्या रांगेत होते. त्या खिडकीशी एक सरपंचबाई, आणि त्यांच्याही पुढे त्यांचे यजमान.

"आता चेक नाही, दादा. पंचायतीचे पैसे मोबाईलवरूनच जातील. सरपंचांचा नंबर सांगा."

"माझाच टाका, मॅडम."

"सरपंच मैनाताई आहेत ना?"

"सही तिची, बाकी समदं मीच पाहतो. गाव मलाच सरपंच म्हणतं."

"मेसेज आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. फोन ताईंकडेच हवा."

"तिला नाय जमत ओ फोनबिन! ठेकेदार बाहेर थांबलाय. मैना, सांग ना मॅडमला."

"सांगते. पाण्याची नवी टाकी गळती हाय, मॅडम. तिचं बिल मी सोडणार नाय."

"तुला टाकीचं कोणी विचारलं? नंबर विचारतायत त्या!"

"मग लिहा मॅडम. अठ्ठ्याण्णव बावीस…"

"अगं, हा कुणाचा नंबर?"

"लिहिला, ताई. मेसेज पाठवतेय, बघा."

मैनाताईंच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली, फोन वाजला.

"हा कधी घेतला?"

"तुम्ही माझ्या खुर्चीत बसायला गेला होता, तवा."