येसूबाईच्या पडवीचा खांब

एकोणीसशे सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. भात झोडून झालं होतं. ऐका, आणि मध्ये बोलू नका.

अंधार पडल्यावर धाकू मेस्त्री येसूबाईच्या घरून निघाला. खांद्यावर खांब. कुठला खांब? येसूबाईच्या पडवीतला, मधला. तिच्या लेकीचं, आनंदीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि खांब नेमका पंगतीच्या आड यायचा. धाकूनं वर जाड तुळई घातली आणि खांब काढला. छप्पर केसभर हललं नाही. सुतार पक्का होता, ते मी नाकारत नाही.

येसूबाईनं विचारलं, "मेस्त्री, भार उतरवलात ना?"

आमच्याकडे रीत आहे. खांबाला हात लावून सांगायचं, तुझा भार तुळईनं घेतला, तू मोकळा. मगच त्याला जागचा हलवायचा.

धाकू म्हणाला, "लाकडाला कळत असतं तर वाळवीनं खाताना ते गप्प बसलं असतं का?"

खांब त्यानं चुलीला म्हणून मागून घेतला आणि ओढ्याची वाट धरली. जवळची ना.

करवंदीच्या जाळीपर्यंत बरं चाललं. मग खांब जड झाला. धाकूनं खांदा बदलला. आणखी जड. डोक्यावर कौलं खडखडली. वर बघतो तर नुसत्या चांदण्या. मानेवर काजळी पडली. रानात काजळी कुठली, तुम्हीच सांगा.

ओढ्यात दगडावर एकजण बसलेला, घोंगडी पांघरून. हातात विडी, पण धूर खाली पाण्यात उतरत होता.

"दमलात, मेस्त्री. टाका खाली. विडी ओढू."

धाकू वाकला. तेवढ्यात खांबातून खोकला आला. येसूबाईचा. मग आनंदी झोपेत काहीतरी पुटपुटली. तीही खांबातूनच.

आता धाकूला उमगलं. तुळई नुसती नावाला होती. सगळं छप्पर त्याच्या खांद्यावर होतं. इथं खांब टेकला, की तिथं छप्पर दोघींच्या अंगावर.

"टाका की," घोंगडीवाला हसला. "तुमच्या कोण लागतात त्या?"

धाकू माघारी वळला. घोंगडीवाल्यानंही पाठ सोडली नाही. धाकूच्या बायकोच्या आवाजात हाका मारल्या. चढ लांबवला. मागं टाकलेली करवंदीची जाळी पुन्हा पुढं आणून ठेवली. शेवटी खांबाच्या मागच्या टोकावर स्वतःच चढून बसला. खांबाचं टोक जमिनीला टेकायला आलं.

तेव्हा धाकू पहिल्यांदा लाकडाशी बोलला. "बाबा, चुकलो. एवढं येसूबाईच्या घरी पोचू दे. तुला चुलीत घालणार नाही. पोरीच्या मांडवात उभा करीन."

खांबानं अंग झटकलं. मागं पाण्यात धप्पकन काहीतरी पडलं. धाकूनं वळून बघितलं नाही, म्हणून जगला.

येसूबाई दार उघडते तर मेस्त्री पडवीत, खांद्यावर खांब धरून, घामानं निथळत.

"काय राहिलं का, मेस्त्री?"

"राहिलं. बोलायचं राहिलं."

खांब जागेवर लावला, वर हात ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. तुळई करकरली, भार तिनं घेतला. खांब काडीसारखा हलका झाला. मग धाकू तिथंच अंग टाकून झोपला, आणि झोप गाढ लागली.

ती वाट अजून आहे. जवळचीच आहे. रात्री जाऊ नका. खांद्यावर लाकूड असेल तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी आनंदीच्या मांडवाची मुहूर्तमेढ म्हणून तोच खांब रोवला, उंबराची फांदी बांधून. धाकूचं देणं फिटलं.