मुक्ताच्या नावाची हाक

मुक्ताई: अगं, तोंड तरी बघू दे की मला त्यांचं. आल्यापासनं हितं ओट्याशेजारी बसवून ठेवलंयस.

पूर्णिमा: झोपल्यात, वहिनी. आत्ता कुठे डोळा लागलाय. चहा घ्या आधी. निमगावहून कात्रजपर्यंत एसटीनं आलात, दोन मिनिटं सासूबाईंशिवाय राहवेल तुम्हाला.

मुक्ताई: राहवलं की. दोन वर्सं राहवलं. ह्यांचं अंग गेलं एका बाजूचं, तवापासनं उंबरा वलांडला न्हाई म्या. आता माझी सून, सोनूची बायको, बघती ह्यांच्याकडं म्हणून निघाले. न्यायलाच आलेय त्यांना. तूच फोन केलास न्हवं, सारखं मुक्ता-मुक्ता करत्यात म्हणून?

पूर्णिमा: केला. कारण करतात. सकाळी डोळा उघडला की मुक्ता. मिटेपर्यंत मुक्ता. सहा वर्षं झाली त्यांना इथं येऊन. अंघोळ मी घालते, भरवते मी, गोळ्या मी देते, आणि नाव तुमचं. खोटं कशाला बोलू, जळते मी.

मुक्ताई: जळ बाई जळ. कुणीतरी माझ्यावर जळलं एकदाचं!

पूर्णिमा: हसताय काय?

मुक्ताई: हसू न्हाई तर काय. चाळीस वर्सं नांदले त्या घरात. सरळ नाव म्हणून घेतलं न्हाई माझं. ‘अगं ए’ न्हाई तर ‘थोरली’. माझी आई पंचमीला न्यायला यायची, तर तिच्याम्होरं माझ्या चुकांचा पाढा. तुमच्या लेकीची भाकरी जाड, तुमच्या लेकीच्या हातात भांडं टिकत न्हाई. आई बिचारी मान खाली घालून ऐकायची. आन आता त्याच म्हाताऱ्या बाई माझं नाव घेत्यात म्हणून तू सांगितलंस, तर म्या ह्यांना धा वेळा सांगितलं. पाव्हण्यांना सांगितलं. भाजीवालीला सांगितलं.

पूर्णिमा: भाजीवालीलासुद्धा?

मुक्ताई: तिला पयलं.

पूर्णिमा: केस किती पांढरे झालेत तुमचे, वहिनी. आणि पुढचे दात?

मुक्ताई: काढले. कवळी करायची हाय. माझं सोड, त्यांचं सांग. जेवत्यात का?

पूर्णिमा: भोंगा झाला की जेवतात.

मुक्ताई: भोंगा?

पूर्णिमा: तुमच्या निमगावच्या नगरपालिकेचा. त्या तिथंच आहेत ना अजून. कात्रज, तिसरा मजला, लिफ्ट, हे काही त्यांच्या हिशेबात नाही. उठल्या की विचारतात, आठाचा भोंगा झाला का? नाही म्हटलं तर घास घेत नाहीत. मग मी बाथरूममध्ये जाते आणि तोंडानं वाजवते.

मुक्ताई: तू? भोंगा?

पूर्णिमा: तुमचा दीर शंभू म्हणतो, सोसायटीवाले तक्रार करणार एक दिवस. करू देत. तेवढ्यावर भागत नाही. गावच्या चावीला, म्हणजे नळाला, पाणी आलं का, तिथं कुणाची घागर पुढे आहे, दळण नंबराला लावलं का. लावलं म्हटलं की पुढचा प्रश्न, डबा कुणाच्या मागं ठेवलास? आता मला काय माहीत कुणाच्या मागं! म्हणून तर तुम्हाला फोन करायचे.

मुक्ताई: थांब, थांब. ते रोजचे फोन त्याच्यासाठी हुते?

पूर्णिमा: मग कशासाठी?

मुक्ताई: वहिनी, गिरणीत कोण बसायचं? वहिनी, चावीवर कोण भांडायचं? मंगळवारच्या बाजारात मिरच्या कुणाकडून घ्यायच्या? म्या गुडघ्याला तेल लावत बसायचे आन तुला सांगायचे. दिगंबर गिरणीवाला, त्याच्या पांढऱ्या भुवया, समदं सांगितलं. अख्ख्या आळीत बोलले, माझी धाकटी जाऊ पुण्याची पर गावाची वढ बघा तिला किती!

पूर्णिमा: ओढ कसली, वहिनी. मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचा भोंगा बंद पडलेला, गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान. दोन दिवाळ्या आणि एक जत्रा, एवढंच निमगाव माझ्या वाट्याला आलं. आणि सासूबाईंच्या डोक्यात जे गाव आहे ना, त्यात मी नाहीच. नावालासुद्धा नाही. त्यात तुम्ही आहात. उठता बसता तुम्ही.

मुक्ताई: मग तू कोण म्हणून बोलतीस त्यांच्याशी?

पूर्णिमा: मुक्ता म्हणून.

मुक्ताई: आन हाक काय मारतीस?

पूर्णिमा: आत्याबाई. आई म्हटलं की ओ देत नाहीत.

मुक्ताई: हाक तेवढी माझी हुती गं. तू आई म्हणायचीस, म्या आत्याबाई म्हणायचे. कंदिलाची काच फुटली ते बी वापरलंस?

पूर्णिमा: तुम्ही सांगितलंत ना, पहिल्या दिवाळीला फुटली आणि तुम्ही चुलीमागे लपवलीत. परवा सासूबाईंना ते आठवलं. मला असं काही झोडपलं तोंडानं, की मी खरंच रडले.

मुक्ताई: मला तर कवाच बोलल्या न्हाईत त्या काचेवरनं. म्हणजे कळलेलं त्यांना. आन चाळीस वर्सांनी बोलल्या त्या तुला? माझ्या वाटणीच्या शिव्या बी तूच खाल्ल्यास?

पूर्णिमा: घ्या, आता शिव्यांवरूनही जळा!

मुक्ताई: जळणारच. माझंच माझ्याकडनं विचारून घेतलंस आन माझ्याच जागेवर बसलीस. उद्याच घेऊन जाते त्यांना. म्या समोर उभी राहिले की बघ. माझा आवाज वळखतील त्या. तुझं नाटक एका मिन्टात उघडं पडंल.

पूर्णिमा: पडू दे. पण एक सांगू? तुम्ही यावं म्हणून मी फोन केला, आणि तुम्ही येऊ नये म्हणून काल देवापुढे दिवा लावला. तुम्ही दिसलात की त्यांना कळणार, मी कोणीच नाही.

सासूबाई: (आतल्या खोलीतून) मुक्ता! ए मुक्ता!

मुक्ताई: आले, आत्याबाई!

पूर्णिमा: आले, आत्याबाई!

मुक्ताई: तू गप. म्या जाते.

पूर्णिमा: दोघी जाऊ. दचकतात त्या.

सासूबाई: किती हाका मारायच्या गं? कान हायती का भाड्यानं दिलं? भोंगा झाला का?

पूर्णिमा: मघाशीच झाला, आत्याबाई.

सासूबाई: आन ही कोण दारात?

मुक्ताई: म्या हाय, आत्याबाई. मुक्ता.

सासूबाई: कोण मुक्ता?

मुक्ताई: तुमची थोरली. तुमच्या उतरेश्वराची बायको, सोनूची आई, आत्याबाई. आवाज वळखा की माझा.

सासूबाई: आमची मुक्ता ही काय हितं उभी. तुम्ही कुठली दुसरी काढली? म्होरं या, उजेडाला या. अगं बया! ईनबाई! मुक्ता, तुझी आई आलीया दारात आन तू गुमान उभी? अक्कल म्हणून न्हाईच तुला.

मुक्ताई: आई? माझी आई?

पूर्णिमा: वहिनी, हो म्हणा. नाही म्हटलं की घाबरतात, मग दिवसभर पाणीसुद्धा घेत नाहीत.

मुक्ताई: अगं, आई जाऊन किती वर्सं झाली माझी.

पूर्णिमा: माहितीये मला. हो म्हणा.

मुक्ताई: व्हय. म्याच.

सासूबाई: काय कुजबुजताय मायलेकी? बसा, ईनबाई. वाळलासा लई. दात बी गेले का? नाक तेवढं लेकीसारखं राहिलंय. पंचमीला न्यायला आलासा न्हवं?

मुक्ताई: न्यायलाच आले हुते.

सासूबाई: न्यायची म्हंजी काय, आधी शिकवा जरा तुमच्या लेकीला. भाकरी अजून जाड. वरण तर असलं पातळ, पोहायला शिकावं त्यात.

पूर्णिमा: कालचं वरण. ते माझं.

मुक्ताई: बरी बोलणी खातीस माझ्या नावावर. ईनबाई, आन धाकटी सून? ती कशी हाय?

पूर्णिमा: वहिनी, नका विचारू.

सासूबाई: कुठली धाकटी?

मुक्ताई: शंभूची बायको. पुण्याची.

सासूबाई: डोकं फिरलं का काय तुमचं? शंभू पाटी घेऊन शाळंत जातोया. त्याला कुठली बायको? हितं एक सून सांभाळता जीव मेटाकुटीला आलाय.

पूर्णिमा: मिळालं उत्तर? झालं समाधान? मी चहा टाकते.

सासूबाई: गुळाचा टाक गं. पाव्हण्यास्नी साखरेचा देऊ नकोस, नावं ठेवत्याल. गेली का?

मुक्ताई: गेली.

सासूबाई: दार लोटा जरा. हां. सुनंचं चांगलं तिच्या तोंडावर बोलू नये, ईनबाई. डोक्यावर बसती. माझ्या सासूनं बी कवा माझं कौतुक मला ऐकू दिलं न्हाई. परक्याला सांगायची, मला शेजारणीकडनं कळायचं.

मुक्ताई: आम्हाला तर शेजारणीकडनं बी कळलं न्हाई कवा.

सासूबाई: काय म्हणालासा?

मुक्ताई: काय न्हाई. बोला तुम्ही.

सासूबाई: पोर चांगली दिलीत, ईनबाई.

मुक्ताई: कोण?

सासूबाई: कोण म्हंजी? तुमची मुक्ता. मला टायफाईड झाला हुता ना, तवा तुमच्याकडं यायला निघाली हुती. पिशवी भरलेली, केसात गजरा. मला थंडी वाजाया लागली तशी तिनं पिशवी खुंटीला अडकवली आन माझ्या उशाला येऊन बसली. एका शबूदानं बोलली न्हाई, माझं माहेर राहिलं म्हणून. पिशवी महिनाभर तशीच खुंटीला.

मुक्ताई: तुम्ही बघितली हुती ती पिशवी?

सासूबाई: डोळे मिटून पडले हुते. आंधळी न्हवते. आजबी भिताडाकडं बघितलं की ती पिशवीच दिसती मला.

मुक्ताई: मग बोलायचं की तिला. एकदा बोलायचं! वाट बघून बघून केस पिकले तिचे.

सासूबाई: तिचे कुठं पिकलेत? पिकले तुमचे. रडताय कशापायी? लेकीचं चांगलं ऐकून रडायचं असतंय व्हय? पुसा ते डोळे. तुम्ही दरवर्साला येता आन म्या तिच्या चुका सांगत बसते. ते तसंच सांगायचं असतं. ती दाराआड उभी राहून ऐकत असती, म्हाईत हाय मला.

मुक्ताई: व्हय. दाराआडच उभी असायची.

सासूबाई: पयल्यांदा लई राकट हुता बघा तिचा हात. मला अंघूळ घालायला बसली की असं खसाखसा घासायची, जसं कढईच घासतीया. हल्ली हात मऊ पडलाय तिचा. कोमट पाणी आधी सोताच्या मनगटावर घेती, मग माझ्या अंगावर. पाठीवर नुसता हात ठेवला तरी डोळा लागतो.

मुक्ताई: हल्ली?

सासूबाई: हल्ली हल्लीच. न्हेताय तर न्हेऊ नका जास्त दिस. चार दिस ठिवा, पाचव्याला धाडून द्या. तिच्याबिगर घर खायाला उठतं मला. पर ह्यातलं तिला काय सांगू नका हां.

मुक्ताई: न्हाई सांगत, ईनबाई.

सासूबाई: आता जरा पडते. चहा आला की उठवा.

पूर्णिमा: झोपल्या? गुळाचा केला, आणि नेमक्या आता झोपल्या. रडलात का तुम्ही?

मुक्ताई: रडंन न्हाई तर काय करीन.

पूर्णिमा: काय म्हणाल्या?

मुक्ताई: सांगू नका म्हणाल्या.

पूर्णिमा: वा! म्हणजे तेही तुमचंच. बरं, बॅग भरायला घेऊ त्यांची? औषधं वेगळ्या पिशवीत देते. रात्रीची गोळी दुधातून दिली तरच घेतात, नाहीतर गालात धरून ठेवतात.

मुक्ताई: काय करायची बॅग? विहिणीच्या मागं कोण येतंय उठून? रस्त्यात मुक्ता-मुक्ता करून हाका मारतील, आन म्या शेजारी बसून काय सांगू त्यांना? राहू दे हितंच.

पूर्णिमा: खरंच?

मुक्ताई: खूश झालीस ना? तोंडावर दिसतंय तुझ्या.

पूर्णिमा: झाले. लपवत नाही. वहिनी, एक विचारू? दार लोटल्यावर इतकं बोलल्या, त्यात माझं नाव आलं का हो एकदा तरी?

मुक्ताई: न्हाई.

पूर्णिमा: येणार नाहीच म्हणा. मी उगाच.

मुक्ताई: हात दाव बघू तुझा.

पूर्णिमा: कशाला? भांडं विसळत होते, ओला आहे.

मुक्ताई: असू दे ओला. दाव.