साखर काढल्यावर उरलेल्या दोन रेघा

नाही, फोन आधी टेबलावर ठेवा. पालथा. हां, आता बोला — म्हणजे बोलूच नका, मीच बोलते. रिपोर्टची प्रत हवी म्हणता, ती खाली खिडकीवर मिळते. तिथे न थांबता दोन जिने चढून थेट रक्त तपासणाऱ्या बाईकडे कशाला आलात? मला काय कळत नाही? कोणी पाठवलंय — आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी? का बसवाल्यांनी? सव्वीस वर्षं या खोलीत काढलीत मी, निवृत्तीला सात महिने राहिलेत, आणि नेमकं आत्ताच कोणीतरी सहज म्हणून येतं. सहज कोणी येत नाही इथे.

मुलगी? शाळेच्या बसच्या त्या ड्रायव्हरची? हनुवटी तशीच आहे खरी. बसा मग.

हे बघा, मशीनचं काही चुकलेलं नाही, माझंही नाही. रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं. त्याच्या अंगावर साखरेच्या शेपट्या लोंबत असतात, आणि शेपटीच्या टोकाला जी साखर असते तिच्यावर ऋण भार असतो. आता ही जेल — खळ थिजवल्यासारखी पातळ चकती, दिसतेय ना — हिच्यावर रक्त सोडायचं आणि वीज लावायची. भार जास्त ते प्रथिन पुढे धावतं. रोज दारू रिचवणाऱ्याच्या प्रथिनावर त्या शेपट्या कमी होतात, भार घटतो, मग ते मागे रेंगाळतं आणि मागे वेगळी रेघ उमटते. तुमच्या वडिलांच्या जेलवर होती ती रेघ. चांगली ठळक. मी काय हाताने काढली?

थेंबही घेत नाही म्हणाले होते, हो, आठवतंय मला — सुई टोचताना म्हणाले होते. सगळे तेच म्हणतात. आमचे हेही तेच म्हणायचे, अगदी डोळ्यात डोळे घालून, आईची शपथ घेऊन — आणि बाटली पिठाच्या डब्यात. जाऊ दे, ते कशाला सांगतेय तुम्हाला. पण तेव्हापासून पुरुषमाणूस नाही म्हणाला की मी हो समजते. रेघ दिसली आणि मी मनात म्हटलं, सापडलात महाराज.

विचारा ना, पुढची तपासणी केली का. तेच आहे तुमच्या मनात. असते एक. काही माणसांचं प्रथिनच जन्मतः जरा वेगळं असतं, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं, त्याचा मुळात भारच वेगळा — त्यामुळे दारूला न शिवताही ते मागे राहतं. ओळखायचं कसं? एक एन्झाइम मिळतं, ते शेपटीच्या टोकाची साखर कापून टाकतं, सगळ्यांची सरसकट. मग परत जेल चालवायची. भानगड साखरेची असेल तर सगळं एका रेघेत येतं. तरी दोन रेघा राहिल्या तर प्रथिनच दोन तऱ्हेचं, माणसाचा काही दोष नाही. नियम असा, की शंका आली तरच ते एन्झाइम वापरायचं. आणि मला शंका आलीच नाही. येणार कुठून? जगावर संशय घेणारी मी, पण त्या रेघेवर नाही घेतला. सही केली.

मग काय, मग काही नाही. नळीत थोडं उरलं होतं, आठवड्याने टाकून द्यायला काढलं, आणि का कोण जाणे — कोण म्हणालं मी घातलं त्यात एन्झाइम? मी म्हणाले? बरं. घातलं. दोन रेघा आल्या. पुन्हा चालवली, पुन्हा दोनच.

नाही सांगितलं कोणाला. रिपोर्ट गेला होता, त्यांचा परवानाही गेला होता. सव्वीस वर्षांत माझा एक रिपोर्ट कधी परत आला नाही, या एकाच गोष्टीचा मला गर्व आहे हो, दुसरं काय आहे माझ्याकडे? वाईट वाटलं, जेवण जाईना, पण तोंड उघडलं नाही. रडू नका. मला राग येतो. तुमचा नाही.

सोमवारी सुनावणी ना त्यांची? थांबा, हा खण जरा अडकतो. हा घ्या जेलचा फोटो. तारीख आहे, नमुन्याचा नंबर आहे, अक्षर माझं आहे. कोणाचं म्हणून विचारलं तर सांगून टाका. आणि दुसऱ्या लॅबमध्ये त्यांचं रक्त पुन्हा द्या, तुमचंही द्या, म्हणावं साखर काढून बघा. तुमच्यातही असेल कदाचित.

पण तुम्ही अशा खाली मान घालून का बसलात? घरात बाटली शोधलीत ना — कपाटं, पलंगाखाली, माळ्यावर? मीही शोधायचे. मला सापडायची. तुम्हाला नाही सापडली, तर तुम्ही ठरवलंत, लपवण्यात पटाईत आहेत. तुम्हाला तरी काय बोलू, कागद माझा होता.

काय? वडील बाहेर बाकावर? एकटे राहिले तर पितील म्हणून बरोबर आणलंत? चार महिने असंच, जाल तिथे? दार नीट लोटलं होतं ना तुम्ही आत येताना?

नको, आत नका बोलावू. मला नाही बघवणार. फोटो त्यांच्या हातात द्या, तुमच्या पर्समध्ये नको. आणि आज घरी गेल्यावर त्यांचं तोंड हुंगू नका. जा आता. मला कामं आहेत.