चौकोनात बसणारा ठसा

— ते? हिच्या गळ्यातलं? ते शिंगाचं आहे, साहेब. म्हशीच्या शिंगाचं. घासून घासून तसं दिसतंय एवढंच, आणि लेकरू सारखं तोंडात घालतंय म्हणून ओलं आहे — ओलं झालं की काहीही चमकतं. अक्काताई, काढ ते तोंडातनं. नाव ह्यांच्या आजीचं ठेवलंय, त्यामुळं रागावायची पंचाईत. आवाज चढवला की सासूबाई म्हणतात, माझ्या सासूला बोलू नको. साडेतीन वर्षांची सासू. आज त्या शेतावर गेल्यात म्हणून बोलता तरी येतंय. बसा ना — खुर्ची एकच आहे, भिंतीला टेकवून बसा, मागचा पाय हलतो तिचा. हे घरी नाहीत. वॉचरची नोकरी गेल्यापासनं खानापूरला लाकडाच्या वखारीत जातात, सकाळच्या गाडीनं गेले की दिवेलागणीला परत. तुम्हाला ठाऊक असणारच, पगार तुमच्याच शिकार कंपनीचा होता. तुम्ही नवीन आलात व्हय? आधीचे साहेब जाड होते, ही खुर्ची त्यांनीच — म्हणजे तसं नाही, खुर्ची आमचीच जुनी.

कागद तिथं ठेवा, तांब्याखाली, वारा आहे. बघते की. लगेच कशाला? चहा होऊ दे. तुम्ही सांगितलंत ते मला समजलंय, परत सांगायला नको — शिकारीला कायद्यानं बंदी आली, तुमचे पाहुणे यायचे थांबले, पाहुण्यांच्या पैशावर वॉचर होते ते घरी बसले. आता कंपनी बेंगळूरला खास अर्ज करतेय की वर्षातनं एकच बिबट्या, तोही म्हातारा नर, बाहेरच्या पाहुण्याला मारू द्यावा, आणि तो जे देईल ते सगळं जंगलाला — चार वॉचर, उन्हाळ्यात पाणवठे, एक जीप. वॉचरच्या यादीत पहिलं नाव ह्यांचं. रवळू. अर्जाला त्या जनावराच्या पायाचा ठसा जोडायचा, आणि ठशाखाली सही, की हा नरच. ती सही माझी. कारण ह्या बाजूला ठसा ओळखणारी 'ड्रॉइंगवाली बाई' म्हणजे मी — हसू नका, बेळगावच्या कॅम्पातल्या तुमच्या ऑफिसात तसं लिहून ठेवलंय, जाड साहेबांनीच सांगितलं होतं.

मी येळ्ळूरची. मॅट्रिक झाले बेळगावात, ड्रॉइंगच्या परीक्षेत वर्गात पहिली, आणि त्या पहिल्या नंबरानं मला काय दिलं, तर बिबट्याचे पाय काढायचं काम. ह्यांना जंगलातलं सगळं कळतं — पान उलटं पडलेलं असलं तरी सांगतील कोण गेलं — पण हातात पेन्सिल दिली की झालं. ह्यांनी काढलेला पंजा म्हणजे एक बटाटा आणि त्याच्यावर चार चिंचोके. तो कागद साहेबांनी परत पाठवला. मग मी म्हटलं, मी काढते. मलाच हौस. आमच्या लग्नाच्या फोटोची काच काढून घेतली — तेव्हापासनं फोटो उघडाच आहे, माझ्या तोंडाला कसर लागली, हे शाबूत आहेत — आणि ती काच घेऊन, दव असतानाच, ह्यांच्या मागनं ओढ्याला जायची. ठशाच्या चार बाजूंना चार खडे, खड्यांवर काच, म्हणजे ठसा दबत नाही. डोळा बरोबर वर धरायचा, तिरका झाला की आकार फसवतो. काचेवर रेघ ओढायची, घरी येऊन काचेवरनं कागदावर उतरवायची. मागच्या पायाचाच घ्यायचा. आणि मग पट्टीनं भोवती चौकट आखायची. चारी बाजू सारख्या आल्या, चौकोन झाला, तर नर. उभट आली तर मादी. एवढंच आहे, साहेब. एवढ्यावर परवाना.

मी तुमच्या विरोधात आहे असं समजू नका. शाळेत ह्या विषयावर वादविवाद ठेवला असता तर मी तुमच्याच बाजूनं बोलले असते, बक्षीसही घेतलं असतं. एक मारला तर दहा वाचतात, हे तुमचं खोटं नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. वॉचर होते तोवर ओढ्याकाठी तारेचा एक फास दिसायचा नाही. आता बघा जाऊन. गेल्या महिन्यात गवा सापडला, मागच्या पायात तार हाडापर्यंत गेलेली, उभ्या उभ्या किडे पडलेले. हे सुट्टीच्या दिवशी गेले होते, बघून आले, जेवले नाहीत. आणि वरच्या वाडीत कुणीतरी मेलेल्या वासराला औषध घातलं — भातावर मारतात ते — तर बिबट्या गेला, दोन कोल्ही गेली, आणि झाडावरनं गिधाडं पडली, पिकलेल्या फणसासारखी, धप धप. त्याला परवाना लागला नाही. तिथं कुणी चौकट आखली नाही. कायदा आहे, आणि जंगलात माणूस नाही. म्हणून म्हणते, तुमचं बरोबर आहे. मला फक्त तो एक कुठला, हे कसं ठरतं ते ठाऊक आहे — आता कुठला तरी एक असणारच म्हणा. चहात गूळ आहे, चालेल ना?

एकाहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. ही आठ महिन्यांची. पाळणा ह्याच सोप्यात — तुमच्या डोक्यावर तुळईला कडी दिसते बघा, तिथं. तिन्हीसांजेला मी आत चुलीपाशी, सासूबाई गोठ्यात. कुत्रा होता आमचा, पाळण्याखाली बांधलेला असायचा. आवाज असा काही झालाच नाही, पितळी खाली ठेवल्यासारखा एक, बस. बाहेर आले तर पाळणा हलतोय, ही जागी, हसतेय, आणि खाली साखळी आहे, कुत्रा नाही. पाळणा का हलत होता? वारा नव्हता. बिबट्याची पाठ लागली असणार झोळीला. पाळण्याच्या झोळीला, साहेब, हिच्या अंगापासनं वीतभर. त्यानंतर पंधरा दिवस मी हिला पाठीला बांधून भांडी घासली. हिला घेऊन येळ्ळूरला जाते म्हटलं, तर हे म्हणाले, "त्याला कुत्रं पायजे हुतं, पोरगी न्हवं." म्हणजे एवढ्यावर मी शांत व्हायचं. मी शिकलेली, मलाही ठाऊक की जनावर भुकेपोटी येतं, माणसावर त्याचा राग नसतो — ठाऊक असून करायचं काय? कडीकडं बघितलं की मी हिचे पाय चाचपायची.

आणि आठ दिवसांत पाहुणा यायचा होता. परवाना नराचा. ठसा पाठवा, ठसा पाठवा, असा निरोप तीनदा. ओढ्याच्या चिखलात ठसे होते. हे म्हणाले, कुत्रं नेलेलं जनावर हेच. मी काच ठेवली. आता चिखल ओला होता, आणि ओल्या चिखलात ठसा पसरतो, मूळचा केवढा ते सांगणं अवघड — हे तुम्हीही ध्यानात ठेवा, उपयोगी पडेल. म्हणजे चूक कुणाचीही होऊ शकते. बोटं जरा निमुळती वाटली मला. निमुळती बोटं मादीची. घरी आले, कागदावर उतरवला, चौकट आखली, तर उभट. करंगळीच्या नखाएवढी उभट, जास्त नाही. तेवढ्यात ही रडायला लागली, मी एका हातानं हिला थोपटतेय, एका हातानं पेन्सिल — तर कागद काचेवरनं सरकला असेल. सरकतो कागद. म्हणून बाजूची रेघ मी परत ओढली. जरा बाहेरनं. दोन्ही बाजूंनी.

दोन्ही बाजूंनी कागद कसा सरकेल, असं विचारा की. विचारत नाही तुम्ही. ह्यांनीही विचारलं नाही. कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला, माझ्याकडं बघितलं, घडी केली आणि खानापूरला जाऊन टपालात टाकून आले.

पाहुणा चांगला माणूस होता, खोटं कशाला सांगू. हिला हातात घेऊन उभा राहिला, गोड म्हणाला असावा, त्याची भाषा मला कळली नाही. भर दुपारी डबे बडवत जनावर उठवायचा हाका झाला, एकच बार ऐकू आला. इथं आणून टाकलं, ह्याच अंगणात, बांबूला पाय बांधून. सगळी वाडी जमली. आमच्या वाडीत तान्ह्या पोराला मारलेल्या वाघावरनं ओलांडून घेतात, मग ते कशाला भीत नाही म्हणतात. सासूबाईंनी हिला घेऊन तीनदा ओलांडलं. मग वाडीतला भरमा कातडं सोडवायला बसला. त्यानं उताणं केलं आणि त्याचा हात थांबला. मी जवळच होते. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "वैनी, ही बाई हाय. लेकुरवाळी हाय." आणि सुरी लावली तर दूध आलं. रक्ताच्या आधी. पातळ, निळसर. आणि माझी — माझी चोळी भिजली, साहेब. ही भुकेली नव्हती, रडली नव्हती, तरी. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा. बघू नका माझ्याकडं, चहा घ्या.

जाड साहेब म्हणाले, परवाना नराचा आहे, नर लिहा. लिहिलं नर. त्या पाहुण्याच्या भिंतीवर ती अजून नर म्हणूनच असेल, तोंड उघडं करून.

पुढं दोन दिवस ओढ्याच्या वरच्या कपारीतनं आवाज यायचा. करवत लाकडात अडकली की येतो तसा, पण बारीक. भर उन्हात यायचा, मी धुणं धूत असताना. तिसऱ्या दिवशी आला नाही. हे कुदळ घेऊन गेले. आले तेव्हा मी म्हटलं, किती? दोन बोटं दाखवली, आणि पाय धुवायला गेले. आणि पाहुण्याच्या त्याच पैशातनं वॉचरांचे पगार झाले, वरच्या अंगाला एक पाणवठा बांधला. चैत्रात तिथं गवे येतात, पिलं मधे घालून. ह्यांनी मला नेऊन दाखवलं. मी बघितलं, लई बरं वाटलं. ते खोटं असतं तर सोपं झालं असतं.

व्हय, नखच आहे ते. तुम्हाला आल्यापासनं दिसत होतं. तिचंच. सासूबाईंनी भरमाकडनं मागून घेतलं, चांदीत बसवलं. आता कायद्यानं ठेवायचं नसतं म्हणतात. मी दोनदा काढून पेटीत ठेवलं, दोन्ही वेळा हिला ताप आला. पोरांना ताप येतोच, मॅट्रिकला शरीरशास्त्र होतं मला, कळतं. तरी परत घातलं. काय करू? तुम्ही काढून बघा तुमच्या पोरीचं.

द्या तो कागद.

हा कुणी काढला? — नको, सांगू नका. काच आमचीच आहे. कोपऱ्यात टवका उडालाय तिचा, रेघ तिथं दर वेळी तुटते, हे बघा, इथंही तुटलीय. मी आठ दिवस येळ्ळूरला गेले होते, तेव्हा काढला असणार. बटाटा नाही राहिला आता, बरा काढलाय, चिंचोकेही नाहीत. शिकले माझं बघून. आणि ह्यांनीच तुम्हाला सांगितलं असेल, मी नसताना घरी जा, ती सही करेल. बरं. बोटं बघा, निमुळती आहेत — बोटांना त्यांनी हात लावला नाही, तिथंही काही करावं लागतं हे सुचलं नसेल. किंवा सुचलं असेल आणि झालं नसेल. आणि ही बाजूची रेघ, हिच्यावर अंगठा फिरवा. कागद दोनदा खोल गेलाय. एक आतली, खोडलेली. एक बाहेरची. ह्या बाजूला, आणि ह्या बाजूला. चौकोन अगदी नीट आलाय. उलटं पडलेलं पान ज्याला कळतं, त्याला हे कळलं नाही असं मी म्हणू? वखारीत बोट गेलंय त्यांचं, उजव्या हाताचं, करवतीत. तुम्ही पगार किती म्हणालात — नको, ते नका सांगू.

पेन राहू दे खिशात. खाली माझं नाव पेन्सिलीनं आधीच घातलंय — नागुबाई. तेवढं मी खोडते. खोडरबर आहे माझ्याकडं, हात लावू नका, कागद फाटेल, मला सवय आहे. झालं. आता न्या. दुसरं कुणी मिळेल तुम्हाला सही करणारं, एवढं काही अवघड नसतं ते. वहीत काय लिहिताय? लिहू नका. मी काही सांगितलेलं नाही. ह्यांनी विचारलं तर म्हणा, बाई घरात नव्हती. आणि ते शिंगाचं आहे, साहेब, म्हशीच्या शिंगाचं.

अक्काताई, ऊठ उंबऱ्यावरनं. साहेबांना जाऊ दे.