भुताच्या डोळ्यांची आखणी

अरे, माझ्या भुताचं काय झालं ते ऐका! किती वर्षं शोधलेलं जुनं भुतांचं कॉमिक मला रोह्याच्या रद्दीवाल्याकडे सापडलं. कव्हरवर भूत, डोळे नुसते पांढरे. बघूनच घाम फुटावा! कौतुकानं पेणला सदाकाकांकडे बघायला ठेवून आलो. काका गणपतीचे डोळे आखतात. आठवड्यानं आणायला गेलो, तर भूत माझ्याकडे मायेनं बघतंय!

"काका, हे काय केलंत?"

"डोळे कोरेच व्हते. बिनआखणीचं काम माझ्या कारखान्यातनं बाहेर जात नाय."

मी रडायचाच बाकी होतो. माझी कॉमिक्स माळ्यावरून खाली येऊ न देणारी बायको म्हणाली, "हे हॉलमध्ये लावा."

आता रोज सकाळी ती भुताला जास्वंद वाहते.